आखूड अंगाचं, लांब नजरेचं

ते माझ्या टेबलावर दिव्याच्या उजेडात उभं आहे. उंची ७२ मिलिमीटरला जरा कमी, म्हणजे माझ्या करंगळीहून थोडी जास्त. बुडाशी १२ मिलिमीटरचं पितळी वर्तुळ आणि त्यावर सरळसोट अंग, वर जाताना नावापुरतंच निमुळतं होणारं. मग एकदम खांदा पडतो, ३० अंशांचा, ठाम. खांद्यावर मान, आणि मानेतून वर आलेली गोळी. ही गोळी इतकी लांब की पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, हिचं धड दुसरीकडेच कुठेतरी राहिलं असणार. देवळाच्या शिखरासारखी ती बारीक होत जाते आणि अगदी टोकाला लाल रंगाची एक टिकली.

हे ६.५ क्रीडमूर काडतूस. नाव साडेसहाचं असलं तरी गोळीची जाडी मोजली तर ६.७ मिलिमीटर भरते. नळीच्या आतल्या पिळाच्या कंगोऱ्यांमधलं अंतर साडेसहा, आणि गोळी मात्र त्या कंगोऱ्यांत रुतून खाचांपर्यंत पोहोचणारी, म्हणून तिचं अंग थोडं जास्त. वजन १४० ग्रेन, आपल्या मापात पाऊण तोळ्याहून किंचित अधिक. एवढाच ऐवज हजार यार्डांवरच्या कागदापर्यंत पोहोचवायचा असतो.

मान जवळून पाहिली तर तिच्यावर निळसर तपकिरी झाक दिसते, खांद्यापर्यंत उतरलेली. नवख्याला तो डाग वाटतो, तो फडक्याने पुसायला जातो. मी पुसायला गेलो नाही, कारण ती झाक मला लहानपणापासून ठाऊक आहे.

माझे वडील खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ सालचा तो कारखाना. घरी ते कामाबद्दल फारसं बोलत नसत, पण पितळेबद्दल बोलत. पुंगळी एका पितळी वाटीतून ओढत ओढत लांब करतात, हे त्यांनी मला आमटीची वाटी हातात घेऊन समजावलं होतं. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. ओढताना पितळ कडक होत जातं, आणि कडक पितळ मानेशी तडकतं. म्हणून शेवटी मानेला आच द्यायची, ती मऊ करायची. बूड मात्र कडकच ठेवायचं, कारण सगळा दाब तिथे बसतो. आच दिल्याची खूण म्हणजे ती झाक. आजही नवी पुंगळी हातात आली की मी आधी तिची मान बघतो.

ओहायोत येऊन मला वीस वर्षं झाली. रायफलशी माझी ओळख कॉलेजातल्या एन.सी.सी.च्या पॉइंट टू-टूपुरतीच होती. १ ऑगस्ट २०२४ रोजी पहाटे उठून मोबाइलवर पॅरिसची फायनल पाहिली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह ब्राँझ घेतलं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जागतिक सुवर्ण घेतलं होतं, तेव्हाही मी असाच भारावलो होतो. पण या खेपेला नुसतं भारावून थांबलो नाही. वय पन्नाशीचं, पॅरिस माझ्यासाठी नाही, हे कळत होतं; पण राहत्या घरापासून दोन तासांवर कॅम्प पेरी आहे, आणि १९०७ पासून अमेरिकेचे राष्ट्रीय सामने तिथे एरी सरोवराच्या काठावर होत आले आहेत. रायफल बांधून घ्यायची ठरवली. लांब पल्ल्याची.

इथे एक फरक सांगायला हवा. ऑलिंपिकच्या ५० मीटरवाल्याला काडतूस निवडायचं नसतंच. ते ठरलेलं असतं, पॉइंट टू-टू लाँग रायफल. तो निवडतो ती फक्त लॉट: एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या डब्यांतही वेगवेगळ्या दिवशी बनलेला माल असतो, आणि आपल्या नळीला कुठला मानवतो हे तो बार काढून पाहतो. लांब पल्ल्याच्या खेळात मात्र सगळं रान मोकळं. तिथे काडतूस निवडणं हाच पहिला निर्णय, आणि तो चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

मला हे ठाऊक नव्हतं. कारागिराकडे मी गेलो तो यादी घेऊन. नळी कुठली, दस्ता कुठला, दुर्बीण कितीची, सगळं लिहून. कारागीर सत्तरीचे, हाताला कायम तेलाचा वास. त्यांनी यादी न वाचताच घडी करून माझ्या हातात परत दिली.

“आधी काडतूस सांगा,” ते म्हणाले. “बाकीचं त्याच्यामागून येतं.”

मग त्यांनी बाकावर हिरवं फडकं अंथरलं आणि त्यावर चार काडतुसं एका रांगेत उभी केली. त्या दिवशी मी ती रांग तासभर तरी पाहिली असेल. एका घराण्याची माणसं फोटोसाठी उभी राहावीत तशी ती दिसत होती.

सगळ्यात डावीकडे .३०८ विंचेस्टर. थोरला. १९५२ साली बाजारात आला आणि दोनच वर्षांत नाटोने त्याचा जुळा भाऊ, ७.६२ बाय ५१, सैन्यासाठी पत्करला. रुंद अंग, २० अंशांचा उतरता खांदा, जाड गोळी. याच्याबद्दल वावगा शब्द बोलायची माझी इच्छा नाही. जगात सगळीकडे मिळतो, नळीला सांभाळून वागतो, पाच हजार बार होऊन गेले तरी नळी नेम धरून राहते. पाल्मासारखे जुने मानाचे सामने ८००, ९०० आणि १,००० यार्डांवर त्याच्याच जोरावर खेळले गेले. कारागिरांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हा तुम्हाला वारा वाचायला शिकवील, कारण वारा याला सोडत नाही.”

खरं दुखणं तेच आहे. .३०८ ची १७५ ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,६०० फूट वेगाने निघते, पण हवा तिला फार अडवते. हजार यार्डांवर पोहोचेपर्यंत ती ध्वनीच्या वेगाच्या जवळ उतरलेली असते, आणि त्या उंबरठ्यावर गोळीचा तोल जाण्याचं भय असतं. हिच्या आधीची १६८ ग्रेनची प्रसिद्ध गोळी तर हजार यार्डांच्या अलीकडेच डळमळू लागते. थकल्या पायांनी घर गाठणाऱ्या माणसासारखं तिचं शेवटचं अंतर असतं.

त्याच्या शेजारी ६.५ बाय ५५ स्वीडिश. वयाने हा सगळ्यांत मोठा, १८९४ चा. स्वीडन आणि नॉर्वे यांनी मिळून पत्करलेला. साडेसहाच्या गोळीचं मर्म तेव्हाच कळलेलं होतं: जाडी बेताची, लांबी भरपूर, म्हणजे हवेला कापून जाणारी. जाडीच्या मानाने वजन जास्त असलं की गोळी वेग धरून ठेवते. हे स्वीडिश काडतूस आजही सुरेख मारतं. पण त्याची उंची जास्त, बुडाचा घेरही किंचित वेगळा. .३०८ साठी बनवलेल्या आखूड अॅक्शनमध्ये, म्हणजे काडतूस नळीत सरकवणाऱ्या यंत्रणेत, ते मावत नाही.

तिसरं .२६० रेमिंग्टन, १९९७ चं. कल्पना साधी होती. .३०८ चीच पुंगळी घ्यायची, तिची मान आवळून साडेसहाची करायची. बूड तेच, म्हणून अॅक्शन तीच. मी म्हणालो, मग झालं की काम! कारागिरांनी मान हलवली. त्यांनी कॅलिपर उघडला आणि पुंगळीची लांबी दाखवली, ५१.७ मिलिमीटर. मग एक लांब गोळी त्या मानेशी धरली. मॅगझिनची आतली लांबी ठरलेली, तीत काडतूस बसायचं तर ही गोळी मानेतून खाली, थेट दारूच्या जागेत ढकलावी लागते. कोकणातल्या जुन्या घरात शिरताना उंच माणसाला वाकावं लागतं, तशी ती गोळी आत वाकून बसते. दारूची जागा जाते, आणि गोळीचं सगळ्यात जाड अंग मानेच्याही खाली उतरतं. घर चांगलं, माणूस चांगला, दार ठेंगणं.

आणि मग चौथं. त्याची पुंगळी ४८.८ मिलिमीटर. .२६० हून जेमतेम तीन मिलिमीटर आखूड. रांगेत उभं केलं तर तेच सगळ्यात बुटकं वाटतं, खांदा खाली आणि गोळी खूप वर. ते तीन मिलिमीटर काढून घेतल्यावर लांब गोळीला मॅगझिनमध्येच ताठ उभं राहता आलं. आत काही दडपलं जात नाही, बाहेर काही अडत नाही. बुडाचा घेर .३०८ एवढाच, म्हणून बोल्टचं तोंड बदलायला नको. माझ्याकडे जुन्या बाजारातून घेतलेली रेमिंग्टन ७०० ची आखूड अॅक्शन होती, .३०८ चीच. “नुसती नळी बदलायची,” कारागीर म्हणाले. “बाकी घर तेच.”

त्या बुटक्या काडतुसाची जन्मकथा त्यांनीच सांगितली. पुढे मी ती पडताळली, आणि ती मला अजूनही फार आवडते.

साल २००७, जागा तीच कॅम्प पेरी. राष्ट्रीय विजेतेपद दोनदा जिंकलेले नेमबाज डेनिस डीमिल आणि हॉर्नेडी कंपनीतले बॅलिस्टिक्सचे जाणकार डेव्ह एमरी सामन्यांच्या काळात एकत्र होते. आपल्या काडतुसाने दिलेल्या तापाला डीमिल वैतागले होते. एमरींनी त्यांना सांगितलं की तुम्हाला नेमकं काय हवं ते लिहून काढा. डीमिल यांनी यादी केली. काडतूस मॅगझिनमध्ये मावलं पाहिजे. धक्का कमी, म्हणजे बार झाल्यावर नजर लक्ष्यावरून हलू नये. गोळी हवेला कापणारी. नळी लवकर जळू नये. दारू दुकानात सहज मिळणारी. आणि हे काडतूस डब्यात तयार मिळालं पाहिजे, तेही नेमाने, म्हणजे ज्याला घरी भरायला वेळ नाही त्यालाही सामन्यात उतरता यावं. एवढंच नाही, तर कंपनीने आत काय भरलं आहे ते डब्यावरच छापावं, म्हणजे ज्याला घरी भरायचं आहे त्याला तसंच भरता येईल. सुरुवातीच्या डब्यांवर ते खरोखर छापलेलं होतं.

वडिलांच्या कारखान्याच्या वातावरणात वाढलेल्या मला ही गोष्ट फार मोठी वाटते. काडतुसं सहसा कुणाच्या तरी वेगाच्या हौसेतून जन्मतात. आधीच्याहून शंभर फूट जास्त, दोनशे फूट जास्त, असा हिशेब असतो, आणि मग ते घेणारा माणूस त्याला जुळवून घेत बसतो. इथे जमिनीवर पालथा पडून दिवसभर बार काढणाऱ्या माणसाला आधी विचारलं, मग पितळ कापलं. क्रीडमूरच्या स्वभावात हे मुरलेलं आहे. त्याच्याकडे अचाट काही नाही. १४० ग्रेनची गोळी ते सेकंदाला २,७१० फुटांनी सोडतं; याहून वेगवान काडतुसं ढिगाने आहेत. पण सकाळच्या पहिल्या बाराला ते जसं वागतं तसंच दुपारच्या साठाव्या बाराला वागतं.

त्याचा बाप .३० टीसी नावाचं एक शिकारी काडतूस, हॉर्नेडीनेच थॉम्प्सन-सेंटर कंपनीसाठी काढलेलं, त्याच २००७ च्या सुमाराचं. त्याची पुंगळी घेऊन, मान साडेसहाची करून हे घडवलं. बाप आज विस्मरणात गेला आहे. मुलाच्या नावाने मात्र जगभर रायफली बनतात. २०१५ साली रुगर कंपनीने सर्वसामान्य नेमबाजाला परवडेल अशी प्रिसिजन रायफल काढली, तिच्यातही ते होतं, आणि तिथून ते घरोघर पोहोचलं. २०१८ च्या सुमाराला अमेरिकेच्या विशेष दलांनीही ते पत्करलं. त्या बातमीने मला आनंद झाला नाही. हे काडतूस कागदासाठी जन्मलं, आणि माझ्या मनात त्याची जागा कागदासमोरच आहे.

नावाची गोष्ट वेगळी आणि जुनी. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीड नावाच्या कुटुंबाची शेतजमीन होती. नॅशनल रायफल असोसिएशनने ती नेमबाजीच्या मैदानासाठी घेतली. कुणाला तो सपाट उजाड माळ पाहून इंग्लंडमधल्या मूर नावाच्या माळरानांची आठवण झाली, आणि क्रीडचा मूर तो क्रीडमूर झाला. १८७३ मध्ये तिथे सामने सुरू झाले. त्याच वर्षी आयर्लंडच्या संघाने विम्बल्डनच्या नेमबाजी सामन्यांत एल्को शील्ड जिंकलं होतं, आणि जिंकल्यावर त्यांनी अमेरिकनांना वर्तमानपत्रातून आव्हान दिलं. अमेरिकेत तेव्हा लांब पल्ल्याची परंपराच नव्हती. तरी एका हौशी क्लबने ते उचललं.

२६ सप्टेंबर १८७४. प्रत्येक बाजूला सहा जण, ८००, ९०० आणि १,००० यार्ड, प्रत्येक अंतरावर प्रत्येकी १५ बार. मध्यावर लागला तर चार गुण. आयरिश मंडळींकडे तोंडाकडून भरायच्या रिग्बी रायफली होत्या, त्या काळच्या सर्वोत्तम. अमेरिकनांकडे मागून भरायच्या नव्या रेमिंग्टन आणि शार्प्स. जुनं चांगलं की नवं चांगलं, याचाच जणू तो निवाडा होता. आयर्लंडच्या मिलनरने एक बार अगदी मध्यावर मारला, पण शेजारच्याच्या लक्ष्यावर. चार गुण गेले. शेवटी आयर्लंडचे ९३१ झाले, अमेरिकेचे ९३०, आणि एकच बार उरला होता. तो कर्नल जॉन बोडाइन यांचा. थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली फुटून त्यांचा हात कापला होता. हाताला रुमाल गुंडाळून ते पडले, बार काढला, आणि हजार यार्डांवर चार गुणांचा ठोका बसला. ९३४ विरुद्ध ९३१. हिशेब करून पाहा: मिलनरची ती एक गोळी आपल्या लक्ष्यावर पडली असती तर सामना आयर्लंडचा होता.

तो माळ आता नाही. मैदान बंद पडलं, १८९० मध्ये जमीन सरकारकडे परत गेली, आणि पुढे तिथे मनोरुग्णालय उभं राहिलं. ते आजही क्रीडमूर याच नावाने ओळखलं जातं. मैदानाचं नाव मात्र माझ्या टेबलावरच्या पितळाच्या बुडावर कोरलेलं आहे.

आता वाऱ्याचं. या काडतुसाची खरी ओळख तिथेच होते, म्हणून इथे मी जरा रेंगाळणार.

कॅम्प पेरीला आपण पडतो ते सरोवराकडे तोंड करून. लक्ष्यांच्या मागे पाणी. वारा पाण्यावरून येतो, झाडांवरून फिरतो, आणि हजार यार्डांच्या वाटेत तो एकसारखा कधीच नसतो. आपल्याकडे वारा पाहून पाठ फिरवावी म्हणतात. इथे वारा पाहून काटा फिरवावा लागतो, दुर्बिणीवरचा. झेंडे काय म्हणतात, गवत काय म्हणतं, जमिनीवरची वाफ दुर्बिणीत कुठल्या अंगाला वाहते आहे, हे सगळं एका श्वासात वाचायचं. गोळी हवेत दीड सेकंदाच्या आसपास असते. तेवढा वेळ वाऱ्याला पुरतो.

ताशी १६ किलोमीटरचा वारा आडवा वाहत असेल, तर .३०८ ची १७५ ग्रेनची गोळी हजार यार्डांवर सव्वादोन ते अडीच मीटर बाजूला सरकते. क्रीडमूरची गोळी दीड ते पावणेदोन मीटर, म्हणजे साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी. ऐकायला हे किरकोळ वाटतं, कारण दोन्ही सरकणं दुर्बिणीवर भरून काढता येतं. पण माणूस वारा अचूक वाचत नाही. माझा अंदाज ताशी दीड किलोमीटरने चुकला, आणि तेवढा तो माझा रोज चुकतो, तर .३०८ जवळजवळ २३ सेंटीमीटर बाहेर जाईल. लांब पल्ल्याच्या नेहमीच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास २० इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत सुमारे २५ सेंटीमीटर. .३०८ कडेवर लटकतं. क्रीडमूर सुमारे १६ सेंटीमीटरवर, आत. माझी तीच चूक, तोच वारा. एकाने ती पदरात घेतली आणि दुसऱ्याने उघड्यावर टाकली.

पहिल्यांदा हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं तो दिवस स्पष्ट आठवतो. वारा डावीकडून होता, मी काटा लावला, चाप ओढला. धक्का एवढा बेताचा की दुर्बिणीतून लक्ष्य सुटलंच नाही. लक्ष्य खाली गेलं, वर आलं, आणि खुणेची पांढरी चकती दहाच्या आत, उजवीकडे, कडेपासून चार बोटांवर. तेवढ्यात झेंडा पाहिला तर तो मी समजलो होतो त्याहून जास्त फडफडत होता. म्हणजे मी चुकलो होतो, आणि तरी दहा होते. इतकं बरं वाटलं की पुढची गोळी भरण्याआधी मी थोडा थांबलो.

त्याचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर हे चित्र खोटं ठरेल. नळी ते .३०८ पेक्षा लवकर जाळतं. जिथे पिळाची सुरुवात होते तो नळीचा घसा दर बाराला तापतो, भेगाळतो, आणि अडीच-तीन हजार बारांनंतर नेम सैल होऊ लागतो. नवी नळी म्हणजे पुन्हा कारागिराचं दार आणि पुन्हा खिशाला चाट. दुसरं, एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धाप्रकारातल्या एफ-टीआर गटात त्याला प्रवेशच नाही, तिथे फक्त .२२३ आणि .३०८. ज्याला त्या गटात उतरायचं आहे त्याने थोरल्याचाच हात धरावा. ओपन गटात क्रीडमूर चालतं, पण तिथे मोठ्या पुंगळ्यांची, जास्त वेगाची काडतुसं समोर असतात, आणि त्यांच्यापुढे ते मवाळ पडतं. बाराशे-तेराशे यार्डांपुढे त्याचीही गोळी ध्वनीच्या उंबरठ्यावर येते; मैलभराच्या खेळासाठी दुसरं काहीतरी पाहावं. आणि २०१२ पासून चालू असलेल्या प्रिसिजन रायफल सिरीजमध्ये तर आज वरच्या फळीचे बहुतेक नेमबाज सहा मिलिमीटरच्या काडतुसांकडे वळले आहेत. त्यांत याचंच धाकटं भावंड आहे, ६ मिलिमीटर क्रीडमूर. त्यांचा धक्का याहून कमी, पण त्यांतली बरीचशी नळी याहूनही लवकर खातात. ज्याला वर्षाला दोन नळ्या परवडतात त्याने तिकडे जावं.

मला ते परवडत नाही, आणि माझी गरजही ती नाही. शनिवारी सकाळी मैदानावर पोहोचायचं, साठेक बार काढायचे, वारा थोडा अधिक शिकून परत यायचं. संध्याकाळी गॅरेजमध्ये पुंगळ्या धुवायच्या, त्यांच्या माना तपासायच्या, मोजायच्या, भरायच्या. फिनलंडची लापुआ कंपनी क्रीडमूरच्या पुंगळीला लहान प्रायमरची जागा देते, त्यामुळे तिचं बूड जास्त टिकतं आणि ती पुन्हापुन्हा भरता येते. एकेक पुंगळी माझ्या हातून आठ-आठ वेळा फिरली आहे. चौथ्या भरणीनंतर मी त्यांच्या मानांना आच देतो. छोट्या ज्योतीपुढे पुंगळी फिरवायची, मान मंद लाल होऊ लागली की काढायची. मानेवर ती निळसर तपकिरी झाक परत येते. वडील असते तर त्यांनी आधी बुडाला बोट लावून पाहिलं असतं, तिथे ऊब पोहोचली नाही ना म्हणून. मीही लावून पाहतो.

निवड त्या पहिल्या दिवशी झाली नव्हती. कारागिरांनी मला चौघांपैकी एकही सुचवलं नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले: किती लांब मारणार, कुठल्या गटात खेळणार, आणि वर्षाला किती बार काढणार. मी घरी येऊन महिनाभर त्या प्रश्नांशी बसलो. हजार यार्ड, कुठलाही बंदिस्त गट नाही, वर्षाला हजाराच्या आसपास. उत्तर लिहून पाठवलं. त्यांनी उलट निरोप पाठवला तो एका ओळीचा: नळीची ऑर्डर दिली आहे.

तुम्ही पहिलीच लांब पल्ल्याची रायफल बांधणार असाल, तर त्या तीन प्रश्नांची खरी उत्तरं आधी कागदावर मांडा, हौसेची नव्हेत. उत्तरं माझ्यासारखी आली तर मनात किंतु न ठेवता ६.५ क्रीडमूर घ्या.

माझी नळी २६ इंची आहे, पीळ आठ इंचांत एक फेरा. बारांची नोंद मी वहीत ठेवतो. काल संध्याकाळपर्यंत ७४० झाले.